यात विश्रांती धरलेली नाही

सह्याद्रीत वाट चुकणं हा ट्रेकचा भागच असतो. न चुकता गडावर जाऊन न चुकता खाली आलेल्या माणसाला सोमवारी ऑफिसात सांगायला काही उरत नाही. शिवाय चुकायची सोय आपल्याकडे उत्तम आहे. कातळावर कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटने बाण काढलेला असतो. दहा पावलांवर दुसऱ्या ग्रुपचा दुसरा बाण असतो, तो पहिल्या बाणाकडे तोंड करून. मधे करवंदाची जाळी. अशा वेळी गुरांमागे आलेला एखादा बाबा भेटतो. त्याला विचारायचं, "बाबा, गड अजून किती राहिला?" बाबा काठीने आभाळात कुठेतरी दाखवतो आणि म्हणतो, "ह्यो काय, आलाच की." हे 'आलाच' वीस मिनिटांचं असू शकतं, साडेतीन तासांचंही असू शकतं. यात बाबाची लबाडी नसते. तो आधी आपली पोटं बघतो, मग बूट बघतो. खरं सांगितलं तर ही मंडळी इथेच बसकण मारतील आणि संध्याकाळी आपल्यालाच यांना हाताला धरून खाली न्यावं लागेल, एवढा सगळा हिशेब तो उभ्या उभ्या करतो आणि मग 'आलाच' म्हणतो. आपणही त्याच्या शब्दावर उठतो. महाराष्ट्रातले निम्मे गड या एका शब्दावर सर झाले असतील.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात हा बाबा नाही. त्याच्या जागी पिवळी पाटी आहे.

अख्खा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शापेक्षाही लहान, आणि त्यात खुणा केलेल्या पायवाटा ६५,००० किलोमीटरच्या वर. एकापुढे एक अंथरल्या तर पृथ्वीला दीड वेढा बसून वर थोड्या उरतील. हे आपोआप झालेलं नाही. १९७९ साली तिथल्या मतदारांनी रीतसर मतदान करून पायवाटांना राज्यघटनेत जागा दिली. आजच्या घटनेत ते ८८वं कलम आहे, आणि २०१८ साली आणखी एक मतदान घेऊन त्यात सायकलच्या वाटाही घातल्या. आपल्याकडे फुटपाथ घटनेत असता तरी त्यावर वडापावची गाडी लागलीच असती, तो भाग वेगळा.

या पाटीवर अंतर नसतं, वेळ असते. अमुक तळं, एक तास वीस मिनिटं. तमुक खिंड, दोन तास पाच मिनिटं. कुणाच्या चालीने? तर ठरवून दिलेल्या चालीने, सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर. चढ-उतार आला की वेळ किती वाढते नि किती घटते, हे काढायला त्यांच्याकडे पंधराव्या घातापर्यंत जाणारी बहुपदी आहे. आमचा शाळेतला प्रवास दुसऱ्या घाताच्या समीकरणापाशी थांबला होता, आणि तोही पुढच्या बाकावरच्या मुलाच्या भरवशावर. आलेलं उत्तर पाच मिनिटांच्या पटीत बसवून पाटीवर रंगवतात. आणि या वेळेत विश्रांती धरलेली नसते. हे शेवटचं वाक्य आमच्या जावयाने पहिल्याच पाटीपाशी ज्या थंडपणे उच्चारलं, त्यावरून मुलगा तिकडे पुरता रुळलाय हे माझ्या लक्षात आलं. विश्रांती धरलेली नाही म्हणजे पाणी पिणं नाही, बुटातला खडा काढणं नाही, फोटो नाही, "अहो, जरा थांबा" नाही. एक तास वीस मिनिटं पाय चालू. बाबा निदान धीर तरी देतो. पाटी परीक्षा घेते, आणि पेपरही आपल्यालाच तपासायला लावते.

नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तिला पायात बरे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की हात, दोर आणि विमा, सगळंच लागतं. साध्या वाटेवर चपलेनेही चालता येईल असं मी म्हणणार होतो, पण ही शेजारीच उभी होती, आणि तिच्या पायांत सहा हजारांचे नवे बूट होते, जे मीच घ्यायला लावले होते.

लेकीचं बिऱ्हाड झुरिकजवळ बाडेनला आहे. चार तळ्यांची वाट ही जावयाची कल्पना. मेल्खसे, टानेनसे, एंग्स्टलेनसे आणि ट्र्यूबसे अशी ती तळी. सुरुवात १,९२० मीटरवर, मधे योखपास नावाची २,२०७ मीटरची खिंड, शेवट पावणेअठराशे मीटरच्या आसपास. पाटीच्या हिशेबाने साधारण पाच तास. जूनअखेर बर्फ हटलं की वाट मोकळी होते, आणि आम्ही नेमके जूनअखेर तिथे होतो. आम्ही म्हणजे मी, ही, लेक, जावई आणि आमचे मेहुणे.

मेहुण्यांबद्दल सांगायला हवं. हिचा धाकटा भाऊ. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, ढाकचा बहिरी, आणि ज्या वाटेने रात्री जाऊ नका असं गावकरी बजावतात त्या सगळ्या वाटा रात्री. 'पॅकेज टूरवाले' हा शब्द ते अशा सुरात उच्चारतात की त्यापुढे एखादी शिवी सोज्वळ वाटावी. सकाळी निघताना त्यांच्या सॅकमध्ये वीस मीटर दोर, शिट्टी, दोन बॅटऱ्या, मेणबत्त्या, कापूर, इलेक्ट्रालची पाकिटं आणि किलोभर भाजके शेंगदाणे होते.

"मामा, तिथे दर तासाला हॉटेल आहे," लेक म्हणाली.

"डोंगर तो डोंगर, बाळा. त्याला देश नसतो."

लुत्सर्नवरून झार्नेनला रेल्वे, तिथून पिवळी पोस्टबस. ही बस घाटातल्या आंधळ्या वळणावर तीन सुरांचा हॉर्न वाजवते. ते सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेरातले. आपल्या घाटातही ट्रकचे हॉर्न संगीतमय असतात, फक्त त्यांचा कल नागिणीच्या धूनकडे. बस श्ट्योकआल्पला थांबली आणि मेहुण्यांनी बुटांच्या नाड्या आवळून विचारलं, "पायथा हाच ना?" पायथा हाच होता. पण तिथून वर केबल कारचे पाळणे जात होते, आणि जावयाने तिकिटं आधीच काढलेली होती. वर मेल्खसे-फ्रुटला उतरलो तेव्हा मेहुण्यांनी घड्याळातला उंचीमापक बघितला आणि गप्प झाले. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा २७४ मीटर वर आलो होतो, आणि त्यासाठी आत्तापर्यंत चाललो होतो ते प्लॅटफॉर्म बदलायला.

पहिलं तळं समोरच. निळंशार पाणी, काठावर लहानसं चर्च, मागे राखाडी सुळके, सगळं कॅलेंडरात असतं तस्संच. त्यामुळे पहिली पाच मिनिटं आपण इथे आधी येऊन गेलोय असंच वाटत राहतं. आपल्या पिढीच्या दिवाणखान्यात हे तळं कुठल्या ना कुठल्या वर्षी बँकेच्या कॅलेंडरवर टांगलेलं होतंच. काठाने सपाट वाट. तिच्यावर बाबागाड्या ढकलणारे आईबाप, बाबागाडीत झोपलेली बाळं, त्यांच्यामागे कुत्री, आणि कुत्र्यांनी केलेलं उचलून टाकायला हिरवी पेटी. एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, चालायचंच नसेल त्यांच्यासाठी रबरी चाकांची छोटी आगगाडी टानआल्पपर्यंत जात होती. तिच्यातून एका पोराने मेहुण्यांना हात केला. मेहुण्यांनी खांद्यावरचा दोर आत खुपसला.

मग आजीबाई आल्या. मागून. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर चिमुकली सॅक, आणि चाल अशी की घरी गॅसवर दूध ठेवून आल्यात. "ग्रुएत्सी!" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मागोमाग आजोबा, "ग्रुएत्सी!" मग त्यांच्या मैत्रिणी. तिथल्या डोंगरात समोर येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायची रीत आहे. झुरिकच्या ट्राममध्ये शेजारच्याकडे न बघणारी हीच माणसं हजार मीटरच्या वर गेली की ओळखीची होतात. आपल्याकडे डोंगरात समोरच्याला कुणी नमस्कार करत नाही, आपण थेट चौकशीला लागतो. वर पाणी आहे का? मॅगी मिळते का? माकडं आहेत का? तुम्ही कुठले? नाशिक? नाशिकला आमचे व्याही असतात. इथे मात्र विचारायला कुणाला काही शिल्लकच नव्हतं. वेळ पाटीवर, पाणी हौदावर, हॉटेल नकाशावर. नमस्कार सोडला तर बोलणार काय? मेहुण्यांनी तिसऱ्या आजीबाईंपासून "राम राम" सुरू केलं. तेही चाललं. एका आजोबांनी तर थांबून "राम राम" असं नीट परत म्हणून बघितलं आणि खूश होऊन गेले.

दुसरं तळं, टानेनसे, बांध घालून केलेलं. काठावर गळ टाकून बसलेली माणसं होती. त्यांच्याबद्दल लिहिण्याजोगं काही घडलं नाही, आणि त्यांच्याही बाबतीत तासाभरात काही घडलेलं दिसत नव्हतं.

खरी गंमत कुंपणापाशी. कुरणं वाटून द्यायला वाटेवर आडवी विजेची तार घातलेली असते. जायचं असेल तर तिची प्लॅस्टिकची मूठ धरायची, आतली स्प्रिंग ताणून हूक सोडवायचा, पलीकडे जायचं आणि हूक पुन्हा अडकवायचा. मूठ धरायची, तार नव्हे. लेकीने हे दोनदा सांगितलं. पण ज्या माणसाने नाणेघाटात अंधारात वाट काढली आहे, त्याला कुंपण कसं ओलांडायचं हे भाचीने शिकवावं? मेहुण्यांनी तार दोन बोटांत धरून खाली दाबली आणि पाय उचलला. पुढे जे झालं त्याचा आवाज लहानसा होता, 'टक्' एवढाच. मेहुणे मात्र मोठ्यांदा "आई गं" म्हणाले, आणि पलीकडे रवंथ करणाऱ्या गाईने रवंथ थांबवून त्यांच्याकडे बघितलं. धोका काही नसतो म्हणे. झटका गाईच्या मानाने बसवलेला असतो. मेहुण्यांनी पुढची तीन कुंपणं मूठ धरून ओलांडली आणि चौथ्याला जावयाला शिकवायला सुरुवात केली.

गाई म्हणजे काय गाई! तपकिरी, चकचकीत, पापण्या लांब, गळ्यात घंटा. ही घंटा आपल्या बैलाच्या घुंगरासारखी नाही, चांगली देवळातली असते. अशा चाळीस घंटा एकदम वाजत असताना देव कुठेतरी नक्की उठून बसत असणार. हिने गाय बघितली आणि हात जोडले. मग पिशवीतून पोळीची गुंडाळी काढली. आमच्याकडे पहिली पोळी गाईला असते. परदेशात आल्यापासून हिचा तो नेम मोडला होता आणि तो मनात खुपत होता. आज समोर एक नव्हे, चाळीस गाई! ही निघाली. तेवढ्यात लेकीने तिचा पदर धरला. म्हणजे ओढणी धरली.

"आई, पाटी बघ."

पाटीवर गाय-वासराचं चित्र होतं. वासरू बरोबर असलं की गाय चवताळते, लांबून जा, वासराला हात लावू नका, कुत्रं असेल तर आणखी लांबून जा. अशा गाईंनी माणसं जखमी केल्याच्या बातम्या तिकडे दर उन्हाळ्यात येतात.

"मी कुत्रं थोडंच आहे?" ही म्हणाली.

"तिला खायला द्यायचं नाही. शेतकऱ्याची असते ती."

"म्हणून काय झालं? शेतकऱ्याला विचार, पोळी चालते का." पण शेतकरी कुठे दिसेना. शेवटी हिने गाईकडे बघून दुरूनच पोळीचा नैवेद्य दाखवला आणि तो मी खाल्ला.

त्या कुरणांविषयी एक गोष्ट मला फार आवडली. आपल्याला वाटतं, हा हिरवागार गालिचा निसर्गाने अंथरलाय. तसं नाही. उंच कड्यांवरची गवतं सोडली, तर वृक्षरेषेखालची ही बरीचशी कुरणं गाईंनी आणि विळ्यांनी राखलेली आहेत. शेकडो वर्षं दर उन्हाळ्यात गुरं वर यायची, चरायची, शंभरेक दिवसांनी खाली जायची. गुरं येणं थांबलं की काही वर्षांत झुडपं शिरतात आणि मग रान. म्हणून सरकार शेतकऱ्याला गुरं वर नेण्याबद्दल पैसे देतं. म्हणजे कॅलेंडरातलं चित्र तसंच राहावं यासाठी गाय पगारावर आहे. कासच्या पठारावर मधे फुलांना कुंपण घालावं लागलं होतं. इथे कुंपण गाईंना, फुलं मोकळी, आणि कुंपणाच्या आत गाई ती निवांत खात असतात. फुलंही भरपूर होती. निळी जेन्शियन इतकी निळी की फोटोत खोटी वाटावी. उतारावर गुलाबी-लाल आल्पाइन रोझची झुडपं, जी खरं तर गुलाबाची कुणी नाहीत, आपल्या हिमालयातल्या बुरांशची नातलग आहेत. दलदलीच्या कडेला कापसाचे बोळे धरून उभं असलेलं गवत. एडलवाइस मात्र दिसलं नाही. ते किल्ल्या अडकवायच्या किचेनवर सगळीकडे होतं.

टानआल्पला चीज करणारं दुग्धालय आहे. वाटेत एका घराबाहेर फ्रिज ठेवलेला होता, आत चीजचे तुकडे, प्रत्येकावर किंमत, बाजूला पैशांचा डबा. माणूस नाही. कॅमेरा नाही. ही दोन मिनिटं तिथे उभी राहिली.

"पैसे कमी टाकले तर?"

"कुणी टाकत नाही, आई."

"अगं, पण टाकले तर?"

हा प्रश्न तत्त्वाचा होता. लेकीकडे उत्तर नव्हतं. हिने शेवटी किमतीपेक्षा अर्धा फ्रँक जास्त टाकला, देशाचं नाव राहावं म्हणून. जास्त टाकले तर कुणाला कळणार, हे तिने विचारलं नाही.

तिथून वाट खाली उतरते आणि ओबवाल्डन कँटन संपून बर्न कँटन सुरू होतं. मधे नाका नाही, कमान नाही, 'आपले सहर्ष स्वागत आहे' नाही, नेत्याचा फोटोसुद्धा नाही. फक्त 'ग्रुएत्सी' जाऊन 'ग्र्युएसेख' सुरू होतं. कोल्हापूरहून साताऱ्याकडे येताना एवढाही फरक लागत नाही, पण तिथे दोन्हीकडचे लोक तो फरक जिभेवर जपून ठेवतात. मेहुण्यांचा राम राम दोन्ही कँटनांत चालू राहिला.

एंग्स्टलेनआल्पला जेवण. म्हणजे आमचं जेवण सॅकमध्ये होतं: थालीपिठं, लसणाची चटणी, दह्याऐवजी योगर्टचा डबा. पण जावयाने आग्रह केला, इथलंही चाखून बघा. मेन्यूकार्डावर किमती बघताना तिकडे एक सोय आहे आणि तीच जाच आहे: फ्रँकला शंभराने गुणलं की जवळपास रुपये येतात. पाढा फार सोपा. डॉलर असते तर निदान हिशेब करेपर्यंत पदार्थ खाऊन झाला असता. बशीभर एल्प्लरमाग्रोनेनचे वीस फ्रँकच्या वर. हा धनगरी पदार्थ. मॅकरोनी, त्यात बटाटा, वर वितळलेलं चीज, त्यावर तळलेला कांदा. इथवर ठीक. पण सोबत वाटीत सफरचंदाचा गोड गर.

"हा मुरांबा नंतर खायचा का?" हिने विचारलं.

"नाही, त्याच्याबरोबरच."

हिने चमचाभर खाल्लं, थोडा विचार केला, आणि पिशवीतून लसणाची चटणी काढून त्यावर पेरली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वास घेऊन मान वळवली. त्याला पुडी दिली. त्याने भरपूर घेतली. पुढची दहा मिनिटं तो पाणी पीत होता आणि दर घोटाला "गूट, गूट" म्हणत होता. 

प्यायला रिव्हेला. १९५२पासून तो देश हे पितो. चीज करताना दुधाचं जे पाणी उरतं, त्यापासून केलेलं सोड्यासारखं पेय. हे ऐकल्यावर हिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पनीर केल्यावरचं पाणी? आपण ते कणकेत घालतो!" आणि मग हळूच म्हणाली, "चाळीस वर्षं ओतलं नाही ते बरं केलं. पण बाटलीत भरायला हवं होतं हो."

जेवणानंतर तळ्याच्या काठाने वाट जाते. एंग्स्टलेनसे हे चारही तळ्यांत देखणं. त्याला कॅलेंडराची सवय नसावी, कारण ते थोडं अस्ताव्यस्त आहे. मधेच शीळ आली. कडक, पीटीच्या मास्तरची. मेहुणे जागच्या जागी उभे राहिले. दगडांमधे एक मार्मोट दोन पायांवर उभा राहून आम्हाला बघत होता. हा उंदीर-खारीच्या जातीचा पण मांजराएवढा गुबगुबीत प्राणी. गरुड दिसला, माणूस दिसला की शीळ घालून बाकीच्यांना बिळात पाठवतो, आणि हिवाळा झोपून काढतो. "वर्षातले सहा महिने झोप," मी हिला म्हणालो. "तुमच्यासारखाच," ही म्हणाली, आणि मी लगेच विषय बदलून पुढच्या पाटीकडे वळवला.

ती पाटी योखपासची होती. चढ साडेतीनशे मीटरचा, वेळ तासाभराहून जास्त. विश्रांती धरलेली नाही. आणि पाटीला लागूनच खिंडीत जाणारी चेअरलिफ्ट.

इथे आमच्यात फूट पडली. मेहुणे म्हणाले, "चालणार. आत्तापर्यंत बाग फिरलो, आता डोंगर आहे." जावई त्यांच्याबरोबर. ही चेअरलिफ्टकडे आधीच चालू लागली होती. बूट नवे होते आणि बोलत नव्हते, पण ती त्यांच्या वतीने बोलली. मी तिच्या सोबतीला. एवढ्या उंचीवर बायकोला एकटं कसं सोडायचं, हा संस्काराचा प्रश्न होता. लेक मधेच कुठेतरी विचारात पडली आणि शेवटी आमच्याबरोबर आली, म्हातारे पडतील म्हणून.

चेअरलिफ्टचा शोध ज्याने लावला त्याचे पाय नक्की दुखत असणार. पाय हवेत लोंबतात, खाली घंटा वाजतात, आल्पाइन रोझ पायांखालून मागे सरकतात, समोर टिटलिस शिखराचं बर्फ, आणि आपण काहीही न करता उंच उंच होतो. साधारण अर्ध्यात आलो तेव्हा खाली वाटेवर लाल सॅक दिसली. मेहुणे दगडावर बसले होते. जावई शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. पाटीची वेळ केव्हाच मागे पडली असणार, हे त्या घड्याळ बघण्यावरून वरूनही कळत होतं.

मेहुण्यांनी मान वर केली. आम्ही दिसलो. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हाळी दिली,

"ताई! अजून किती राहिलं?"

हिने खुर्चीच्या दांड्याला एका हाताने घट्ट धरलं, दुसरा हात आभाळाकडे केला आणि सगळ्या खिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"हे काय! आलंच!"

आणि मेहुणे उठले. मी डोळ्यांनी बघितलं. ज्या माणसाला पंधराव्या घाताची बहुपदी दगडावरून उठवू शकली नव्हती, तो उठला आणि चालू लागला.

खिंडीत ते आमच्यानंतर बऱ्याच वेळाने आले. किती वेळाने, ते विचारायचं नाही असं जावयाने खुणेने सांगितलं. खिंडीपलीकडे निडवाल्डन कँटन, आणि खाली ट्र्यूबसे. उतार चांगलाच आहे. गुडघ्यांना पाटी वाचता येत नसल्याने त्यांनी आपली वेळ वेगळी लावली.

ट्र्यूबसेची गोष्ट अशी की तोपर्यंत दिवसभर आपण स्वित्झर्लंडमध्ये असतो, आणि त्या तळ्यापाशी एकदम महाराष्ट्रात येतो. एंगेलबर्गहून ३,२३८ मीटरच्या टिटलिसकडे जाणारी केबल कार इथूनच जाते. पुढचा टप्पा जागच्या जागी गोल फिरणाऱ्या केबल कारचा, १९९२ साली सुरू झालेल्या, जगातल्या या जातीच्या पहिल्या. वर बर्फ, शाहरुख-काजोलचे पुठ्ठ्याचे पुतळे आणि मसाला चहा. 'युरोप बारा दिवस' करणारी आपली माणसं इथे आली नाहीत असा उन्हाळा जात नाही. तळ्याच्या काठावर केशरी टोप्यांचा थवा उतरला होता. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, स्वेटरवर मफलर, हातात चिवड्याची पुडी.

"अगंबाई, मराठी?" एक काकू हिच्याकडे धावल्या. "तुम्ही कुठल्या ग्रुपमधल्या?"

"ग्रुप नाही. आम्ही पलीकडून चालत आलो."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "चालत? का हो, केबल कार बंद होती का?"

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. पलीकडे काय आहे, तिकडे टॉयलेट आहे का, चीज कितीला मिळालं, लेक काय करते, जावई कुठला, साताऱ्याचा का, साताऱ्यात कुठे, पोवई नाक्यावर की आत. सकाळपासून कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, त्याची भरपाई पाच मिनिटांत झाली. हिचे बूट दुखायचे थांबले. मेहुणे मात्र अंतर राखून उभे होते, पॅकेज टूरवाल्यांपासून जेवढं राखायचं असतं तेवढं.

तेवढ्यात टूर मॅनेजरने टाळी वाजवली. "चला, बस खाली थांबलीय! आज जेवायला वरण-भात, बटाट्याची रस्सा भाजी, पुरी आणि आमरस!"

मेहुणे अर्धं पाऊल पुढे सरकले. मग उरलेलं अर्धं.

मॅनेजर बोट नाचवत मोजू लागला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. चाळिसावर थांबला. समोर मेहुणे. "काका, टोपी कुठे तुमची?"

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली एंगेलबर्गकडे जाणाऱ्या वाटेच्या पाटीकडे बघितलं. ती बराच वेळ वाचली.

"वर राहिली," ते म्हणाले.

मॅनेजरने उसासा टाकला. असं रोज कुणीतरी करतंच, असा तो उसासा होता. त्याने बॅगेतून नवी केशरी टोपी काढून मेहुण्यांच्या डोक्यावर बसवली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "एक्केचाळीस! भरले सगळे, चला!"

थवा केबल कारकडे निघाला. त्यात एका सॅकमधून वीस मीटर दोराचं टोक लोंबत होतं. आणि स्वच्छतागृहाचं दार उघडून एक काका डोक्यावरची केशरी टोपी सावरत, "अहो, थांबा! अहो, मी राहिलो!" असं ओरडत त्यांच्यामागे धावत सुटले.